तुरुंगाधिकाऱ्याच्या आठवणी : न्यूरेंबर्ग आणि हिंदनगर



मराठीत तुरुंगाचे वाङ्मय थोडेथोडके नाही. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात. सावरकरांची 'माझी जन्मठेप' अंदमानची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ती प्रवचने उतरवून घेत होते. पुढल्याच वर्षी त्याच साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. आमच्या मराठवाड्यात तर ज्या घरी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात जाऊन आलेला एखादा आजोबा होता, त्या घरी औरंगाबाद, गुलबर्गा, हैदराबाद ही नावे आधी तुरुंगांची म्हणून कानावर पडत आणि मग शहरांची म्हणून.

या सगळ्या वाङ्मयात एक माणूस मात्र कडेकडेने वावरतो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात छडी. कधी तो कैद्याला कोलूला जुंपतो, कधी काणाडोळा करून एखादे वर्तमानपत्र आत येऊ देतो. पण स्वतः तो बोलत नाही. अंदमानचा बारीसाहेब आपल्याला ठाऊक आहे तो सावरकरांच्या लेखणीतून. त्याची वकिली करायला मी आज बसलेलो नाही. देशभक्तांना कोंडून ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणायचे होते, ते ऐकण्याची आपल्याला फारशी उत्सुकता नसली तर त्यात नवल नाही.

पण तुरुंगाधिकाऱ्यांची दुसरी एक जात आहे. ज्याच्या ताब्यात असा कैदी आहे की त्याचे नाव काढले तरी बाहेर लोक थुंकतात. किंवा असा कैदी, की ज्याच्यावर दोन राष्ट्रे हक्क सांगताहेत आणि दोघांचीही बंदुकीवर बोटे आहेत. अशा कैद्याला राखायचे म्हणजे नेमके काय करायचे? कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. ते शेताच्या मालकाच्या बाजूने झाले. कुंपणाची बाजू कोणी विचारत नाही. ती विचारावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

१९६९ साली एक पुस्तक निघाले, 'आय वॉज द न्यूरेंबर्ग जेलर'. लेखक कर्नल बर्टन अँड्रस, अमेरिकन सैन्यातले अधिकारी. दुसरे महायुद्ध संपल्यावर हिटलरचे जे सहकारी जिवंत हाती लागले त्यांना आधी लक्झेंबर्गमधल्या एका हॉटेलात आणि मग न्यूरेंबर्गच्या न्यायमंदिराला लागून असलेल्या तुरुंगात ठेवले होते. दोन्ही ठिकाणी किल्ल्या अँड्रसच्या हातात होत्या. गोरिंग, रिबेनट्रॉप, कायटेल, हेस ही माणसे, ज्यांच्या एका सहीने लाखो माणसे मेली, ती आता त्याच्या हुकमाने उठत, दाढी करीत, जेवत आणि झोपत. झोपताना सुद्धा तोंड आणि हात पांघरुणाबाहेर दिसले पाहिजेत असा नियम होता. कोठडीतले टेबल मुद्दाम असे तकलादू केलेले, की त्यावर माणूस उभा राहिला तर ते मोडावे. चष्मा रात्री काढून घेत.

एवढे सगळे कशासाठी? कैदी मरू नये म्हणून. गंमत पाहा, ज्यांना फाशी द्यायची असे जगातल्या निम्म्याअधिक लोकांनी मनाशी ठरवून टाकले होते, त्यांना फाशीच्या दिवसापर्यंत धडधाकट राखण्यासाठी एक अख्खी पलटण जागत होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये रॉबर्ट ले याने कोठडीतच गळफास लावून घेतला. तोपर्यंत चार कोठड्यांमागे एक शिपाई होता; त्यानंतर प्रत्येक दाराशी एक शिपाई चोवीस तास डोळा लावून उभा राहू लागला.

गोरिंगची हकीगत तर फार विलक्षण आहे. तो पकडला गेला तेव्हा त्याचे वजन सुमारे १२० किलो होते, आणि गुंगीच्या गोळ्यांची इतकी सवय जडलेली की सामानातून हजारो गोळ्या निघाल्या. अँड्रस आणि त्याच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या हळूहळू तोडल्या. माणूस वाळला, डोके साफ झाले. आणि मग १९४६ च्या मार्चमध्ये हाच बरा केलेला गोरिंग साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून अमेरिकेच्या मुख्य वकिलाला उत्तरास प्रत्युत्तर देऊ लागला, इतका की वकिलाचा तोल गेला. जेलरने आपले काम चोख केले त्याचे हे फळ! पण ते तसेच व्हायला हवे होते. गुंगीतल्या माणसावर चालवलेला खटला हा खटला नव्हे.

१ ऑक्टोबर १९४६ ला निकाल लागला. बारा जणांना फाशी, सात जणांना कैद, आणि तिघे निर्दोष. तिघे निर्दोष सुटले ही गोष्ट आपण विसरतो. ज्या न्यायालयात कोणीच सुटू शकत नाही त्याला न्यायालय म्हणण्यात अर्थ नाही. आणि ते तिघे निकालापर्यंत जिवंत होते म्हणून सुटू शकले. १५ ऑक्टोबरच्या रात्री, फाशीला दोनएक तास उरले असताना, गोरिंगने लपवलेली विषाची कुपी दाताखाली फोडली. दाराशी शिपाई उभा असताना. त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक खुद्द अँड्रसच्या नावे होती. चौकशीत पहारेकऱ्यांवर ठपका आला नाही. पण अँड्रसचे सबंध पुस्तक मला त्या एका रात्रीच्या सावलीत लिहिल्यासारखे वाटते. वर्षभर हजार गोष्टी सांभाळल्या. जगाने लक्षात ठेवली ती एक निसटलेली.

हे सगळे दूर जर्मनीतले, आपला काय संबंध, असे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल. पण दोनच वर्षांनी हाच प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहिला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि चारपाच दिवसांत निझामी राजवट कोसळली. आपला बीड जिल्हा त्या संस्थानातलाच. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांनी काय केले, कोणती गावे लुटली, कोणत्या घरातली माणसे सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत पळाली, हे आपण १७ सप्टेंबरला दर वर्षी आठवतो, आणि आठवावेच. पण नंतरच्या आठवड्यांत काय घडले, तेही इतिहासातच मोडते. ज्यांनी कोणाला हातही लावला नव्हता अशा गरीब मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल केला. त्यात ज्या जिल्ह्यांची नावे आहेत त्यांत बीडचे नाव आहे. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. मी वर्गात हा भाग शिकवतो तेव्हा एरवी कुजबुजणारा वर्ग एकदम गप्प होतो. प्रत्येकाला वाटते, आता आपल्या गावाचे नाव निघते की काय.

आणि ज्याच्या नावाने लोक बोटे मोडत होते तो कासीम रझवी, लातूरचा वकील आणि रझाकारांचा म्होरक्या, तो कुठे होता? तो पहाऱ्यात होता. त्याच्यावर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, आणि १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात निघून गेला. असल्या माणसाला इतकी वर्षे सांभाळून ठेवला कशाला, असे म्हणणारे पूर्वी होते आणि आजही आहेत. मला त्यातून वेगळेच दिसते. जिथे पहारा होता तिथे मुख्य आरोपीसुद्धा जगला. जिथे पहारा नव्हता तिथे ज्यांच्यावर काही आरोपच नव्हता ती माणसे मेली.

पहाऱ्यातून निसटलेलेही आहेत म्हणा. निझामाचे शेवटचे पंतप्रधान लायक अली मार्च १९५० मध्ये बेगमपेठेतल्या नजरकैदेतून गुंगारा देऊन पाकिस्तानात पोचले आणि पुढे त्यांनी हैदराबादवर पुस्तकही लिहिले. पळालेला कैदी पुस्तक लिहितो. ज्याच्या हातून तो पळाला तो बिचारा कशाला लिहायला बसतो! असो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अँड्रसच्या ताब्यात एकवीस आरोपी होते. त्यानंतर सात वर्षांनी एका मराठी माणसाच्या ताब्यात बावीस हजारांवर कैदी आले. हा माणूस म्हणजे जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टला शिकलेले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाब पलटणीचे नेतृत्व केले आणि डी. एस. ओ. हा शौर्याचा मान मिळवला. त्याच ब्रिगेडमध्ये दुसऱ्या एका पलटणीवर थिमय्या होते. हे दोघे मित्र पुढे कोरियात पुन्हा एकत्र आले. थोरातांचे आत्मकथन इंग्रजीत आहे, 'फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट', म्हणजे पहाटेच्या बिगुलापासून सूर्यास्ताच्या बिगुलापर्यंत. त्यातला कोरियाचा भाग आपल्या लोकांनी अवश्य वाचावा. थिमय्यांचेही कोरियावरचे पुस्तक आहे. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ साली निघाले.

कोरियाचे युद्ध १९५० च्या जूनमध्ये सुरू झाले. उत्तरेच्या बाजूने चीन, दक्षिणेच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका. १९५१ पासून तहाची बोलणी चालू होती, आणि ती वर्षभराहून अधिक काळ एकाच प्रश्नावर अडून बसली. तो प्रश्न कैद्यांचा. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे लढाई थांबली की युद्धकैद्यांना बिनविलंब मायदेशी धाडायचे. सरळ गोष्ट. पण अमेरिकेच्या ताब्यातले हजारो चिनी आणि कोरियन कैदी म्हणू लागले, आम्हाला परत जायचेच नाही. चीन म्हणे, हे तुम्ही त्यांच्याकडून वदवून घेतले. अमेरिका म्हणे, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ढकलून देणार नाही. या वादापायी तह लांबला, आणि रोज आघाडीवर माणसे मरत राहिली.

यातून वाट काढणारा ठराव भारताने मांडला आणि डिसेंबर १९५२ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत संमत झाला. पुढे करार झाला तो त्याच धर्तीवर. पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमायचा: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. ज्यांना परत जायचे नाही ते सगळे कैदी या आयोगाच्या हवाली करायचे. दोन्ही बाजूंच्या लोकांनी येऊन त्यांना समजावून सांगायचे, आणि कैद्याने निवड करायची. तोपर्यंत त्यांना राखायचे भारतीय सैन्याने. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि राखणदार दलाचे, कस्टोडियन फोर्सचे, सेनापती थोरात. करारातले एक कलम फार महत्त्वाचे होते. कैद्याला परत पाठवण्यासाठी किंवा परत जाण्यापासून अडवण्यासाठी बळ वापरायचे नाही, बळाचा धाकही घालायचा नाही.

जरा विचार करा. बंदुका घेतलेले पाचसहा हजार शिपाई, आणि बंदूक वापरायची नाही हीच त्यांची कामगिरी!

सुरुवातच कशी झाली ते ऐका. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केले. त्यांनी जूनमध्येच पंचवीस हजारांवर कोरियन कैदी तुरुंगाचे दरवाजे उघडून परस्पर सोडून दिले होते, तेव्हा ही नुसती पोकळ धमकी म्हणता येत नव्हती. शेवटी इंचॉन बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजांवरून आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलले आणि थेट दोन फौजांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. या दलात जाट, डोगरा, गढवाली, राजपुताना रायफल्सचे जवान होते, तशी छत्रीधारी रेजिमेंटची मराठा पलटणही होती. सह्याद्रीतली पोरे जहाजावरून उडून कोरियाच्या बोडक्या टेकड्यांत उतरली. त्या छावणीला नाव दिले हिंदनगर.

२३ सप्टेंबर १९५३ पर्यंत अमेरिकन बाजूने २२,६०४ कैदी हवाली केले: १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. दुसऱ्या बाजूने आले अवघे ३५९, त्यांत २३ अमेरिकन आणि एक इंग्रज. तारेच्या कुंपणांनी वेगळे केलेले वाडे, आणि प्रत्येक वाड्यात काही शे माणसे. आणि पहिल्याच दिवशी थोरातांच्या लक्षात आले की कुंपणाची तार आपली असली तरी आतला अंमल आपला नाही.

प्रत्येक वाड्यात म्होरके होते. त्यांची शिस्त होती, निशाणे होती, घोषणा होत्या. कित्येक चिनी कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. काहींनी स्वखुशीने गोंदवून घेतल्या, काहींच्या अंगावर जबरीने गोंदल्या. एकदा ते गोंदण अंगावर आले की माणूस घरी कोणत्या तोंडाने जाणार? आपल्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना मुकादम हा शब्द समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळीत कोणाला काय वाटते हे विचारायला जावे, तर उत्तर मुकादम देतो. आणि मुकादम समोर असला की टोळीतला गडी खाली बघतो. तिथे उचल अंगावर असते. इथे जिवाचीच उचल होती. कैद्याची स्वतंत्र इच्छा जाणून घ्या असे करार म्हणत होता, आणि ती इच्छा मुकादमाच्या मुठीत होती.

कैदी ताब्यात आल्यावर दोनचार दिवसांतच कसोटीची वेळ आली. एका चिनी कैद्याने कुंपण ओलांडून आपल्याला मायदेशी जायचे आहे असे सांगितले. त्याला परत द्या, म्हणून वाड्यातले कैदी खवळले, आणि मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला त्यांनी आत ओढून धरून ठेवले.

इथे आदल्या वर्षीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मे १९५२ मध्ये कोजे बेटावरच्या अमेरिकन छावणीत कैद्यांनी खुद्द छावणीप्रमुखालाच, जनरल डॉडला, असेच आत ओढले होते. तीन दिवस तो त्यांच्या ताब्यात राहिला. त्याच्या सुटकेसाठी त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने कैद्यांना नको ते लिहून दिले, आणि त्यापायी दोघांचाही हुद्दा उतरवण्यात आला. पुढच्या महिन्यात त्या वाड्यांत रणगाडे घातले. तीसहून अधिक कैदी मेले. म्हणजे थोरातांपुढे दोन उदाहरणे होती: लिहून देणे, नाहीतर रणगाडा.

थोरातांनी तिसरे केले. ते स्वतः हत्यार न घेता त्या वाड्यात गेले. भोवती शेकडो माणसे ओरडताहेत, आणि हा गृहस्थ मध्ये उभा. पाहुण्याला साधा चहासुद्धा विचारत नाही, ही कुठली तुमची रीत, असे त्यांनी कैद्यांनाच सुनावले, आणि खरोखरच चहा आला, अशी आठवण सांगितली जाते. ज्यांनी आपल्याकडची भांडणे मिटवताना पाहिली आहेत त्यांना यातली मेख कळेल. समोरचा यजमान झाला की त्याला मारेकरी होता येत नाही. त्या माणसाला परत देण्याचे काही त्यांनी कबूल केले नाही. ग्रेवालांना घेऊन मात्र ते बाहेर आले. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना पुढे अशोकचक्र वर्ग दुसरा मिळाले, ज्याला आता कीर्तिचक्र म्हणतात.

गोष्ट एवढ्यावर थांबती तर तिची कथा झाली असती, इतिहास नव्हे. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत कैद्यांच्या जमावाने कुंपणाला धडका दिल्या आणि आपल्या शिपायांना गोळी झाडावी लागली. तीन कैदी मेले. थोरातांचे मोठेपण सांगताना हे तीन मृत्यू गाळून टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे; ती मला पसंत नाही. बळ न वापरण्याची शपथ घेतलेल्या दलाच्या हातून माणसे मेली, हे त्या कामाच्या खऱ्या किमतीतच धरले पाहिजे. गोळीबार तिथेच थांबला आणि पुढचे पावणेचार महिने बावीस हजार माणसांत तो वणवा पसरला नाही, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

१५ ऑक्टोबरपासून समजावणीचे काम सुरू झाले. एकेका तंबूत एकेक कैदी आणायचा. समोर चीनचे किंवा उत्तर कोरियाचे अधिकारी, बाजूला पाच राष्ट्रांचे प्रतिनिधी, दुभाषे, निरीक्षक. जायला दारे दोन: एका दाराने मायदेश, दुसऱ्याने परत वाडा. कागदावर किती सुबक! प्रत्यक्षात कैदी येताना ओरडत येई, खुर्च्या फेकी, अधिकाऱ्यांवर थुंके, आणि आपल्या जवानांना त्याचे हातपाय धरून उभे राहावे लागे. कधी सबंध वाडा बाहेरच यायला नकार देई. चिनी म्हणत, त्यांना बळाने बाहेर काढा. स्विस आणि स्वीडिश सभासद म्हणत, बळ वापरलेत तर आम्ही या कामात राहणार नाही. बळ वापरले असते तर कोजेची पुनरावृत्ती होणार हे थोरातांना समोर दिसत होते. त्यामुळे वाडे बाहेर आले नाहीत तर समजावणी बंद, आले तर चालू. नव्वद दिवसांची मुदत होती, त्यातले दहाएक दिवसच कामी आले. २३ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा तंबूपर्यंत पोचलेले कैदी जेमतेम तीन हजार होते.

उत्तरेकडचे म्हणाले, भारतीय लोक मुकादमांना सामील आहेत. दक्षिणेकडचे म्हणाले, भारतीय लोक कम्युनिस्टांचे हस्तक आहेत. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दगड येऊ लागले म्हणजे माणूस मध्यावर उभा आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो सर्वस्वी खरा नसतो. दोन्हीकडून दगड खाणारा चुकलेलाही असू शकतो. माझे मत विचाराल तर स्वतंत्र इच्छा जाणून घेण्याचे काम फसले. बावीस हजारांतले सव्वासहाशेच मायदेशी गेले: ४४० चिनी आणि १८८ कोरियन. बाकीच्यांपैकी कितींना मनापासून जायचे नव्हते आणि कितींची जीभ मुकादमाच्या भीतीने टाळ्याला चिकटली होती, याचा झाडा तंबूतल्या त्या कामकाजाने लागला नाही.

पण त्या सव्वासहाशेंकडे जरा नीट पाहा. त्यांतले पुष्कळ जण तंबूतून आलेले नव्हते. रात्री-अपरात्री तारेवर चढून, अंग फाडून घेऊन, ते पलीकडे उभ्या असलेल्या भारतीय शिपायापाशी येऊन पडले होते. त्यांना खात्री होती की हा शिपाई आपल्याला परत आत लोटणार नाही आणि पलीकडेही ढकलणार नाही. उत्तरेच्या बाजूचे दोन अमेरिकन कैदीही असेच मन बदलून भारतीयांकडे आले. त्यातला दुसरा, क्लॉड बॅचलर, नववर्षाच्या दिवशी. घरी गेल्यावर त्या दोघांवर त्यांच्याच सैन्याने खटले भरून शिक्षा दिल्या, ही आणखी वेगळी कथा. जगभरच्या मुत्सद्द्यांनी आखलेल्या तंबूपेक्षा थंडीत उभा असलेला एक जाट किंवा मराठा शिपाई त्या माणसांना जास्त भरवशाचा वाटला. तंबूत जे साधले नाही ते थोडेबहुत साधले ते इथे.

आता आरोपींची गोष्ट. कारण हिंदनगरात नुसते कैदी नव्हते, आरोपीही होते. वाड्यांत खून झाले होते. घरी जाईन म्हणणाऱ्याला रात्री आतल्या आत संपवायचे आणि सकाळी सगळ्यांनी मिळून गप्प बसायचे. कुंपण ओलांडून आलेल्या माणसांनी सांगितले तेव्हा बाहेर कळले. इथे राखणदाराला एकदम तपास करणारा, वकील आणि न्यायाधीश व्हावे लागले. चौकशा झाल्या, लष्करी न्यायालयापुढे खटले उभे राहिले. पण साक्षीदार त्याच वाड्यांतले, आणि कॅलेंडर कोणासाठी थांबत नव्हते. कैद्यांना ताब्यात ठेवण्याची मुदत २२ जानेवारी १९५४ च्या मध्यरात्री संपत होती, आणि खटले अर्धेच झाले होते.

न्यूरेंबर्गला अँड्रसचे काम एका अर्थी सोपे होते. त्याच्यामागे न्यायालय होते, निकाल होता. त्याने आरोपी आणून उभा करायचा आणि बाजूला व्हायचे. थोरातांच्या मागे होता एक करार, ज्याच्या प्रत्येक शब्दाचे दोन अर्थ लावले जात होते.

२० आणि २१ जानेवारीला आपल्या दलाने कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याकडे परत सोपवले. कोणाला सोडून देण्याचा किंवा नागरिक ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे थिमय्यांनी स्पष्ट सांगितले होते. अमेरिकन बाजूला परत गेले २१,८३९. त्यांतले चिनी तैवानला गेले. उत्तरेच्या बाजूला राहिले ३४७, त्यांत २१ अमेरिकन. या काळात ३८ कैदी वेगवेगळ्या कारणांनी मेले होते आणि १३ बेपत्ता होते. खुनाचे आरोप असलेले १७ जण मागे उरले. त्यांनाही फेब्रुवारीत, पुढचा खटला तुम्ही चालवा असे सांगून, संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांच्या हवाली करण्यात आले. २१ फेब्रुवारीच्या मध्यरात्री आयोग विसर्जित झाला.

थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले आणि १९६१ साली निवृत्त होऊन कोल्हापूरला राहिले. १९९२ साली ते वारले. आपल्याकडे त्यांचे नाव निघते ते बहुधा चीनच्या सरहद्दीविषयी त्यांनी आधी दिलेल्या इशाऱ्यामुळे. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र भाषण व्हावे.

हिंदनगरातली आणखी काही माणसे मात्र सांगायची राहिली. ८८ जण असे निघाले की त्यांनी दोन्ही दारे नाकारली. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवानही नको. कोणत्या तिसऱ्या देशात जायचे ते ठरेपर्यंत त्यांचे करायचे काय, याचे उत्तर करारात धड नव्हते. ७६ कोरियन आणि १२ चिनी, अशी ही माणसे आपल्या परतीच्या फौजेबरोबर जहाजात बसली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतात उतरली. त्यांतले बहुतेक पुढे ब्राझील, आर्जेंटिना अशा देशांत गेले. थोडे इथेच राहिले.